सरबतातली पूड

१

टाळ्या थांबल्या आणि हरी पालकर मास्तर भाषणाला उभे राहिले. निदान उभं राहायचा प्रयत्न तरी त्यांनी केला.

साल १९९९, मार्चची अखेर. पोलादपूरच्या त्या हायस्कुलात आज नवे मुख्याध्यापक सूत्रं हाती घेणार होते, आणि ते मुख्याध्यापक म्हणजे पालकर मास्तरच. गणिताचा माणूस. बोलणं कमी, आवाज कधी चढलेला नाही. अशा माणसाने माईक धरला आणि माईकचा दांडा खडखडायला लागला. हात इतका थरथरत होता.

"स... सन्मान..." जीभ टाळूला चिकटल्यासारखी अडकली. मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

पहिल्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, "घेऊन आलेत वाटतं."

पोरं फिदीफिदी हसली. मास्तरांनी एक पाऊल पुढे टाकलं, ते तिरकंच पडलं. टेबल धरायला गेले आणि टेबलक्लॉथ, हार, पेढ्यांचं ताट सगळं घेऊन खाली कोसळले. तिथेच उलटी झाली. हातापायांचे स्नायू कातडीखाली उडत होते, जणू आत काही वळवळतंय.

हसू जागच्या जागी विरलं. मास्तरांच्या पत्नी चारुलताबाई धावत स्टेजवर आल्या. पण त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी मास्तरांचा खुर्चीवर ठेवलेला कोट उचलला आणि घट्ट छातीशी धरला.

महाडच्या नर्सिंग होममध्ये डॉक्टर ईरा शेट्येंनी मास्तरांना तपासलं. मग बाहेर येऊन त्यांनी पोलादपूरच्या फौजदारांना फोन लावला.

"दारूचा थेंब पोटात नाही. साधं आजारपणही वाटत नाही. मॅडम, या माणसाच्या अंगात विष भिनतंय. कुठलं, ते मला ओळखता येत नाही."

२

फौजदार अस्मिता घाडगे शाळेत पोचल्या, तेव्हा आवारात पन्नासेक माणसं जमली होती आणि त्या सगळ्यांना गुन्हेगार सापडलेला होता.

"धोंडूबाई!" संस्थेचे अध्यक्ष भिकाजीशेठ गरजले. पांढरी टोपी, भारी देह, आवाज सभेचा. "वरच्या वाडीची दूधवाली. मास्तरांचा गुडघा दुखत होता म्हणून आठवडाभर ती त्यांना कसल्याशा मुळ्या उकळून पाजत होती. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"गुडघ्याला काय झालं होतं?"

उत्तर आलं ते बाजूला उभ्या असलेल्या आमोद कारखानिसांकडून. हे विज्ञानाचे शिक्षक. पालकर मास्तर नसते तर आज हार यांच्या गळ्यात पडला असता, हे अख्ख्या पोलादपूरला माहीत होतं आणि आपल्याला ते माहीत आहे हे कारखानिसांच्या चेहऱ्यावरही दिसत होतं.

"नववीची सहल रायगडावर नेली होती," ते म्हणाले. "हिरकणीवाडीला रोपवे समोर उभा, पण मास्तरांचा हट्ट, पोरांनी पायऱ्या चढल्याच पाहिजेत. उतरताना आम्हा दोघांचे गुडघे गेले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही दोन म्हातारे लंगडत होतो."

"आज तर तुम्ही छान चालताय."

"मला लगेच आराम पडला. मास्तरांनाही. त्यांना त्या बाईचा काढा लागू पडला, असं म्हणत होते." आणि घाईघाईने पुढे, "मला तिच्यावर संशय घ्यायचा नाही हं. पण काढ्यात काय असतं, कोण सांगणार?"

एवढ्यात फाटकापाशी गलका झाला. दुधाची किटली घेऊन धोंडूबाई स्वतःच आली होती. मास्तर पडल्याचं तिने वाटेत ऐकलं होतं. नऊवारीचा काष्टा, कपाळावर घामाने फिसकटलेलं कुंकू. गर्दी तिच्यावर धावून गेली. कुणीतरी किटली हिसकली, दूध मातीत सांडलं. अस्मिता मध्ये घुसल्या, तिचा दंड धरला आणि हवालदार येसाजीला ओरडून सांगितलं, "जीप काढ!"

लोकांना वाटलं, अटक झाली. अस्मितांना ठाऊक होतं, त्या क्षणी पोलादपुरात धोंडूबाईला सुरक्षित अशी जागा पोलीस ठाण्याखेरीज दुसरी नव्हती.

३

"मी मास्तरांना इख घालीन?" ठाण्याच्या बाकावर धोंडूबाई ताठ बसली होती. "माझ्या आयुषला फुकट शिकवला त्यांनी. आज तो बिरवाडीच्या कंपनीत हाय. त्या माणसाला मी इख घालीन?"

"काढ्यात काय होतं, मावशी?"

"दोन मुळ्या आन् सुंठ. माझा म्हातारा भैरू रोज पितो. हे काय, इथं बाटलीत हाय, बघा!" आणि कुणी अडवायच्या आत तिने कनवटीची छोटी बाटली उघडून निम्मी घशात ओतली.

येसाजी दचकून पुढे झाला. धोंडूबाईने पदराने तोंड पुसलं. "आता बसते हितंच. मेले तर लिहून घ्या."

अस्मितांना हसू आवरेना, पण त्यांनी ते दिसू दिलं नाही. "मास्तरांच्यात तुम्हाला काही बदल दिसला होता का?"

"हात गो, बाय. मास्तरांचा हात तर कवाचाच थरथरतो. थोडा, असा. दूध घेताना दिसायचा. आन् पानी! मी ओळखते तवापास्न तांब्या हातात. पन ह्या आठवड्यात निराळंच. परवा पातेलं धरवंना. बोलताना शब्द लोळत होते."

"आणि गुडघा?"

"तोच तर माझ्या मनात घोळतो." धोंडूबाईने आवाज खाली आणला. "माझा काढा गुणाचा हाय, पन सावकाशीचा. महिना लागतो. मास्तर तर दुसऱ्याच दिवशी टनाटन जिना चढले. म्हनले, धोंडूबाई, तुझ्या हाताला यश हाय. मी गप बसले. फुकटचं यश कोन नको म्हनतो? पन ते माझं नव्हतं."

अस्मिता उठून खिडकीपाशी गेल्या. बाहेर हायवेवरून गोव्याकडे जाणारे ट्रक धडधडत होते. हात वर्षानुवर्षं थरथरतो. मग एका आठवड्यात तो जास्त थरथरायला लागतो. म्हणजे काहीतरी जुनं आहे आणि त्याला काहीतरी नवं येऊन मिळालंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडूबाई ठणठणीत होती आणि चहाला दूध पातळ असल्याची तक्रार करत होती. महाडहून फोन आला, तोही आनंदाचा. रात्रभर सलाईन दिल्यावर मास्तर शुद्धीवर आले होते, नाव-गाव बरोबर सांगत होते. डॉक्टरांनी सलाईन बंद केलं होतं.

दुपारी दुसरा फोन आला. डॉक्टर ईरांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मॅडम, ते पुन्हा ढासळले. कालच्यापेक्षा वाईट. बायकोलाही ओळखत नाहीत. तुमची धोंडूबाई कुठे आहे?"

"माझ्यासमोर बसलीय. कालपासून हललेली नाही."



"मग," डॉक्टर म्हणाल्या, "विष देणारा माझ्या हॉस्पिटलमध्ये आहे."

४

महाडला पोचेपर्यंत जीपचा पत्रा हात लावू देत नव्हता, असं ऊन. नर्सिंग होमच्या व्हरांड्यात नर्स माधुरी अस्मितांची वाटच पाहत होती. कोवळी पोर, पण नजर तीक्ष्ण.

"मॅडम, मला बोलायचं नव्हतं. पण मी पाहिलंय." तिने मागे वळून पाहिलं. "काल संध्याकाळी आणि आज सकाळी. बाई सरबत करत होत्या. पेशंटला गिळवत नाही म्हणून आम्हीच पातळ द्यायला सांगितलं होतं. त्यांनी दाराकडे पाठ केली, पदराआडून कागदाची पुडी काढली आणि पांढरी पूड सरबतात टाकली. साखर नव्हती ती. साखरेचा डबा तर टेबलावर होता."

"कोणत्या बाई?"

"मास्तरांच्या मिसेस."

चारुलताबाई खोलीत पलंगाशी बसल्या होत्या. शेजारच्या पेल्यात लिंबाचं सरबत तयार होतं. अस्मितांनी आत येताच पेला उचलला.

"हे मी पिऊ का, बाई?"

चारुलताबाईंचा चेहरा कागदासारखा झाला. "नको! म्हणजे... ते त्यांच्यासाठी आहे."

"यात काय आहे?"

उत्तर नाही.

"बाई, शाळेतली माणसं सांगतात, काल स्टेजवर नवरा तडफडत होता आणि तुम्ही आधी त्याचा कोट उचललात. कोटात काय होतं?"

चारुलताबाईंनी नवऱ्याची चादर सारखी केली.

"माझ्याकडे एक साक्षीदार आहे. हा पेला आहे. मला तुम्हाला आत्ता घेऊन जावं लागेल."

"न्या," चारुलताबाई म्हणाल्या. डोळे कोरडे, आवाज कोरडा. "फाशी द्या. पण मी सांगणार नाही."

अशी गुन्हेगार अस्मितांनी कधी पाहिली नव्हती. खुनी माणूस नाकबूल जातो, रडतो, दुसऱ्याचं नाव घेतो. ही बाई काय वाचवत होती? स्वतःला तर नक्कीच नाही.

अस्मितांनी पेला खाली ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

"ठीक आहे. नका सांगू. मग मी काय होणार ते सांगते. धोंडूबाई माझ्या ठाण्यात बसलीय. भिकाजीशेठ तालुकाभर फिरून सांगतायत की तिनेच केलं. तुम्ही गप्प राहिलात तर लोक तिचं घर जाळतील. तिचा मुलगा तुमच्या ह्यांनी शिकवलेला आहे. आणि तिकडे डॉक्टर अंधारात औषध देतायत, कारण विष कुठलं हेच त्यांना माहीत नाही. तुमचं गुपित या दोन माणसांपेक्षा मोठं आहे का?"

चारुलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांची बोटं चादरीवर भिरभिरत होती. मग त्यांनी हळूच पिशवीत हात घातला आणि गोळ्यांची एक पट्टी काढून अस्मितांच्या तळहातावर ठेवली.

"विष नाही हो," त्या म्हणाल्या आणि इतका वेळ अडवलेलं रडू एकदम फुटलं. "अकरा वर्षं याच गोळ्यांवर माझा संसार उभा आहे."

५

पुण्यात असताना पालकर मास्तरांना एक आजार झाला होता. महिना महिना झोप नाही, डोक्यात हजार बेत, अंगात हत्तीचं बळ. एकदा घरातली सगळी भांडी त्यांनी रस्त्यावर वाटून टाकली. मग तितकेच दिवस अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. पुण्यातल्या मनोविकारतज्ज्ञांनी लिथियम नावाचं औषध दिलं आणि मास्तर पुन्हा माणसांत आले. एकच ताकीद मिळाली होती, गोळी चुकवायची नाही. पण गावात 'वेडाची गोळी' खाणाऱ्याला कुणी मास्तर ठेवलं असतं? मुख्याध्यापक केलं असतं? म्हणून दोघांनी पोलादपूर गाठलं आणि गुपित पोटात घातलं. वर्षातून दोनदा पुण्याला 'पाहुण्यांकडे' जायचं, रक्त तपासून यायचं. कोटाच्या आतल्या खिशात रोजची गोळी.

"ती लोकांसमोर पडू नये म्हणून कोट धरला," चारुलताबाई म्हणाल्या. "आणि चुकली तर जुना आजार परत येईल, म्हणून इथे गोळी कुटून सरबतातून दिली. जेवढी रोज घेतात तेवढीच. एक कणही जास्त नाही. देवाशपथ!"

डॉक्टर ईरांनी पट्टी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "लिथियम! थरथर, जड जीभ, उलटी, बेशुद्धी. हे लिथियम अंगात साचल्याचं लक्षण आहे. बाई, हे औषध उत्तम, पण काठावरचं. जरा जास्त झालं की विष होतं. आता यापुढे एकही गोळी नाही." त्यांनी लगेच पुन्हा सलाईन लावलं आणि पुण्याच्या त्या डॉक्टरांना ट्रंक कॉलची वाट न बघता थेट एसटीडी लावला.

अस्मिता शेजारी उभ्या राहून एकेक शब्द ऐकत होत्या.

"हो सर. डोस तोच आहे, अकरा वर्षं तोच... हो, पाणी पितात... नाही सर, दुसरं काही औषध सुरू केलेलं नाही. मी पत्नीला विचारलं. काही नाही." फोन ठेवून ईरा म्हणाल्या, "सर म्हणतात, तोच डोस अचानक साचत असेल तर काहीतरी नवं घडलेलं असणार. मूत्रपिंड ते बाहेर टाकत नाहीयेत. का, ते शोधा. नाहीतर लिथियम बंद करूनही ते अंगातून निघायचं नाही."

काहीतरी नवं! अस्मितांच्या डोक्यात काहीतरी खटकन जुळलं.

सहल झाली, दोन गुडघे दुखावले आणि दोन्ही दुसऱ्याच दिवशी बरे झाले. धोंडूबाईचा काढा तर एकानेच घेतला होता. आणि ती स्वतःच म्हणते, काढ्याला महिना लागतो. मग दोघांनी मिळून दुसरं काय घेतलं?

"येसाजी!" त्या धावतच पायऱ्या उतरल्या. "पोलादपूर. आणि आज भोंगा वाजवायला लाजू नकोस!"

६

आमोद कारखानीस प्रयोगशाळेत एकटेच होते.

"सर, तुम्ही पालकर मास्तरांना काय दिलंत?"

"मी? काही नाही!" त्यांच्या हातातली परीक्षानळी फुटली. "हे बघा, हे होणारच, मला माहीत होतं. पद माझ्या हातचं गेलं, म्हणजे विष मीच घातलं!"

"विष म्हटलंच नाही मी. सहलीनंतर तुमचा गुडघा दुखत होता. दुसऱ्या दिवशी थांबला. कशाने?"

कारखानिसांनी घाम पुसला. ते वाकून काचा गोळा करू लागले.

"बाजारात मिळते ती," शेवटी ते म्हणाले. "दुखण्यावरची. पानाच्या गादीवरसुद्धा मिळते. एक मी घेतली, एक त्यांना दिली. आराम पडला म्हणून मग रोज, सकाळ-दुपार-संध्याकाळ. डब्यानंतर आम्ही बरोबरच घ्यायचो. मला काही झालं का? नाही ना! मग त्यांना कसं होईल? मॅडम, मी सांगितलं असतं, पण ते पडले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले..."

"मास्तर दुसरं काही औषध घेतात, ते माहीत होतं?"

"ते? ते तर आयुष्यात कधी आजारी पडले नाहीत! आणि औषध कुठलं, मॅडम? साधी दुखण्याची गोळी ती!"

औषध कुठलं.

अस्मिता थबकल्या. हाच शब्द त्यांनी तासाभरापूर्वी ऐकला होता. दुसरं काही औषध नाही, असं चारुलताबाई म्हणाल्या होत्या. काही नाही, असं डॉक्टर ईराही फोनवर म्हणाल्या होत्या. दुखण्याच्या गोळीला कुणी औषधात धरतच नव्हतं. मग हॉस्पिटलमध्ये? तिथे तर कारखानीस नव्हते, ती पट्टीही नव्हती. तरी मास्तर पुन्हा ढासळले. म्हणजे तिथेही...

"फोन! फोन कुठाय?"

मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काळ्या फोनची तबकडी त्यांनी इतक्या जोरात फिरवली की फोन टेबलावरून सरकला. रिंग वाजत राहिली. वाजत राहिली.

"हॅलो, माधुरी बोलते."

"डॉक्टर कुठायत?"

"पेशंटजवळ. मी इंजेक्शन भरतेय, पेशंट गुडघा धरून कण्हतोय म्हणून..."

"कसलं इंजेक्शन?"

"दुखण्यावरचं. काल आल्यापासून सकाळ-संध्याकाळ चालूच..."

"टोचू नकोस!" अस्मिता किंचाळल्या. बाहेरच्या वर्गातली पोरं उभी राहिली. "माधुरी, ती सुई खाली ठेव आणि डॉक्टरांना फोनवर दे!"

ईरांनी फोन घेतला. अस्मितांनी एका दमात सगळं सांगितलं: सहल, दोन गुडघे, रोजच्या गोळ्या, कारखानिसांच्या पट्टीवरचं औषधाचं नाव. मग डॉक्टर अगदी हळू आवाजात बोलल्या.

"मॅडम, त्या गोळीत आणि माझ्या इंजेक्शनात एकाच जातीचं औषध आहे. वेदना मारतं, सूज उतरवतं आणि मूत्रपिंडाचा वेग कमी करतं. ज्याला दुसरं काही औषध नाही, त्याला बहुतेक काही होत नाही. पण लिथियम मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. दार अर्धवट लागलं. बाई रोजच्यासारखं आत टाकत राहिल्या, बाहेर जायला वाट नाही. सलाईनने जरा वाट मोकळी केली होती. ती मी इंजेक्शनने पुन्हा बंद केली." त्यांचा श्वास ऐकू आला. "सरांनी विचारलं तेव्हा मी 'काही नाही' म्हटलं. माझ्याच हाताने लिहिलेलं इंजेक्शन मला आठवलं नाही."

"आता आठवलंय," अस्मिता म्हणाल्या. "माणूस जिवंत आहे. काय करायचं ते करा."

७

तासाभरात अँब्युलन्स मुंबईच्या वाटेला लागली. मोठ्या हॉस्पिटलात मास्तरांचं रक्त यंत्राने धुऊन काढलं. तिथल्या तपासणीत लिथियम सुरक्षित मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघालं. आणखी एक-दोन इंजेक्शनं पडली असती तर मेंदूला कायमची इजा झाली असती, असं तिथले डॉक्टर चारुलताबाईंना म्हणाले. चौथ्या दिवशी मास्तरांनी डोळे उघडून बायकोला पहिला प्रश्न विचारला, "नववीचे पेपर कुणी तपासले?"

"कारखानिसांनी," चारुलताबाई म्हणाल्या आणि हसता हसता रडल्या. कारखानीस बाहेर बाकावर बसलेलेच होते. दोन दिवस ते घरी गेलेले नव्हते.

धोंडूबाईला वाडीवर सोडायला अस्मिता स्वतः निघाल्या. येसाजीने मागचं दार उघडलं, तशी धोंडूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मागं नाय बसायची. लोकांनी काय बघायचं ते नीट बघू दे."

ती पुढच्या सीटवर बसली. बाजारपेठेतून जाताना तिने जीप अगदी हळू चालवायला लावली आणि ज्यांनी किटली हिसकली होती त्यांच्या दुकानांसमोर एकेकाकडे निरखून पाहिलं. भिकाजीशेठ पेढीच्या पायरीवर उभे होते. त्यांनी मान फिरवली.

पण शेठ गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. गुपित आता गुपित राहिलं नव्हतं. 'वेडाची गोळी' हा शब्द गावभर झाला होता. मास्तरांना प्रकृतीच्या कारणावरून पदातून मोकळं करायचं, असं शेठनी ठरवून टाकलं. एक मे रोजी, निकालाच्या दिवशी पालक जमतील, तिथेच ते जाहीर करायचं.

त्या दिवशी झेंडावंदन झालं, निकाल वाटले गेले. शेठ बोलायला उठणार तेवढ्यात फाटकातून पालकर मास्तर आत आले. काठी टेकत, बारीक झालेले. मागे चारुलताबाई आणि डॉक्टर ईरा. ईरांना मास्तरांनीच आग्रह करून आणलं होतं. दाराशी अस्मिता साध्या साडीत उभ्या होत्या.

मास्तरांनी माईक मागितला नाही.

"मी अकरा वर्षं एका मनाच्या आजारावर गोळी घेतो," ते म्हणाले. "गोळी घेतो म्हणून शिकवू शकतो. कुणाला साखरेची असते, कुणाला दाबाची, मला ही आहे. मी मरायला टेकलो तो त्या गोळीने नाही. मी ती लपवली, म्हणून टेकलो. कारखानिसांनी मला मायेने दुखण्याची गोळी दिली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तेही बरं वाटावं म्हणूनच. माझी बायको तर जीव ओवाळून टाकत होती. तिघांचेही हात स्वच्छ होते. पण एकाला दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. आता मला या खुर्चीत बसवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

शेठ घसा खाकरत होते. चारुलताबाईंनी डोळे मिटून घेतले.

मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. धोंडूबाईचा भैरू. आयुष्यात सभेत कधी बोललेला नव्हता.

"डाक्टरीनबाय," तो म्हणाला, "माझी बी एक दाबाची गोळी हाय. सरकारी दवाखान्यातली. आन् कंबर धरली का आयुष बिरवाडीवरून दुखन्याची आनतो. दोन्ही संगं चालतात का वो?"

ईरा खुर्चीवरून उठल्या. "दाखवा मला. कुठली दुखण्याची?"

त्यांनी पट्टी उलटून वाचली. "ही नको, काका. तुमच्या दाबाच्या गोळीचा गुण ही कमी करते. साधी पॅरासिटामॉल घ्या, बरोबर मोजून, आणि तीसुद्धा दुसरी तापा-सर्दीची गोळी चालू असेल तर विचारून. तिच्यातही तेच औषध असतं."

मग एक बाई उठली. तिची साखरेची गोळी होती. मग ड्रॉइंगचे मास्तर. मग आणखी कुणी. पदराच्या गाठी सुटायला लागल्या, पाकिटं उघडली गेली, खिशांतून चुरगळलेल्या पट्ट्या बाहेर आल्या. आजवर शेजाऱ्यालाही न सांगितलेली दुखणी भर अंगणात टेबलावर येऊन पडू लागली. ईरा एकेक वाचत होत्या, चारुलताबाई त्यांच्या शेजारी बसून कुणाला काय चालेल ते मोठ्या अक्षरांत लिहून देत होत्या.

गर्दी ओसरत आली, तेव्हा भिकाजीशेठ टेबलापाशी आले. टोपी हातात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि कोटाच्या आतून दोन पट्ट्या काढून ठेवल्या.

"ही हृदयाची," ते पुटपुटले. "रक्त पातळ राहावं म्हणून. मुंबईच्या डॉक्टरांची. आणि ही गुडघ्याची. पंधरा दिवस झाले, रोज घेतोय." जरा थांबून, आणखी हळू आवाजात, "आठवडाभर हिरड्यांतून रक्त येतंय."

ईरांनी दुसरी पट्टी उचलली आणि मुठीत घट्ट धरली.

"आता ही तुम्हाला परत मिळणार नाही, शेठ. अंगावर काळेनिळे डाग आहेत? शौचाला काळं होतं?"

शेठनी होकारार्थी मान हलवली. चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

"अस्मिता मॅडम," ईरा ओरडल्या, "जीप काढा!"

भिकाजीशेठना चालवेना. पालकर मास्तरांनी आपली काठी कारखानिसांकडे दिली, शेठचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि दोघं एकमेकांना सावरत फाटकाकडे निघाले.